होडी कोरडी राहील

तात्यांच्या होडीला बावीस वर्षांत पाणी लागले नव्हते, आणि तात्यांना सर्वांत जास्त अभिमान होता तो याच गोष्टीचा. घरामागे, गोठ्याला लागून, चार खांबांवर पत्रे टाकून केलेल्या छपराखाली ती लाकडी ठोकळ्यांवर उभी असे. तोंड नदीकडे. वर जाड ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी, आणि दोरीला एका ओढीत सुटेल अशी गाठ. वल्ही दोन्ही अंगांना टांगलेली. नदीवर पूल झाला त्या वर्षी तात्यांचा नावाड्याचा धंदा बसला. गावातल्या बाकीच्या दोन नावाड्यांनी आपापल्या होड्या फोडून फळ्यांची दारे करून घेतली. तात्यांनी होडी बैल लावून ओढत घरी आणली. पूल म्हणजे पुरावरचा इलाज नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते चुकीचे नव्हते.

छपराच्या मागे गोठ्याची भिंत होती, तिच्यावर डांबराने चार ओळी लिहिलेल्या होत्या. तात्यांना लिहिता येत नसे. सून नव्याने घरात आली तेव्हा, तिचे अक्षर बरे आहे असे कळताच, तिसऱ्याच दिवशी त्यांनी तिच्या हातात डांबराचा डबा आणि कुंचा दिला आणि एकेक शब्द सांगून लिहवून घेतले. होडी कोरडी राहील. होडीत माणसाखेरीज काही चढणार नाही. होडीला कुलूप लागणार नाही. दूरचे आधी, आपले शेवटी.

"हे कुणासाठी, मामंजी?" तिने विचारले होते.

"मी नसेन तेव्हा जो होडी काढील त्याच्यासाठी."

"आणि तुम्ही असाल तेव्हा?"

"तेव्हा मला पाठ आहे."

या ओळी कुठून आल्या ते तिला पुढे नवऱ्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळले. पूल होण्याआधी मोठा पूर आला त्या सकाळी होडीत भोपळ्यांची पोती भरलेली होती. ती उतरवण्यात वेळ गेला. मग तात्या सगळ्यांत आधी स्वतःच्या भावाच्या घरी गेले. भावाचे घर दुमजली होते, ती माणसे संध्याकाळपर्यंत सहज तगली असती. दुसऱ्या खेपेला ते परटाच्या म्हातारीकडे गेले, तेव्हा म्हातारी नव्हती आणि जिच्या छपरावर ती बसली होती ती झोपडीही नव्हती. गावाने हा विषय कधी काढला नाही. तात्यांनी मात्र स्वतःचा खटला स्वतःच चालवला, निकाल दिला आणि तो भिंतीवर लिहवून घेतला. होडी रोजच्या वापराने पाणी पिऊन जड झाली होती, कोरडी असती तर हलकी चालली असती आणि म्हातारी सापडली असती, हेही त्याच खटल्यातले एक कलम. एका पुरावरून चार नियम निघाले होते. ते तपासायला दुसरा पूर आला नव्हता.

गावाला ही होडी करमणुकीला पुरत असे. शेजारी सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारा पैलवान यात पुढे. तो इतका काटकुळा होता की हे नाव त्याला बारशातच कुणीतरी सूड म्हणून दिले असावे.

"तात्या, होडी पोहायला शिकली का हो?"

"तू शिकलास का?"

"तुमच्याच हाताखाली शिकलो की! वल्ह्याने पाठीत घातलं होतंत. अजून दुखते."

"मग विसरायचा नाहीस."

त्या वर्षी उन्हाळा लांबला. नदीचे पात्र इतके आटले की मधले खडक उघडे पडून त्यांच्यावर बगळे दिवसभर उभे राहू लागले. विहिरीच्या तळाशी पोहरा घासल्याचा आवाज येऊ लागला. मग दिवसाआड दुपारी पाण्याचा टँकर येऊ लागला. तो प्रत्येक दारासमोर ठरलेली सात मिनिटे थांबे. ज्याच्याकडे भांडी असतील त्याला पाणी. भांडी भरली की नळी पुढच्या दारी.

घरात दोन पिंपे होती. त्यांतले एक माणसांना, एक गायींना. गायी दोन: एक पांढरी, एक गाभण. त्या गोठ्यातल्या दगडी डोणीत पाणी पीत. एका दुपारी, सावलीत असूनही, डोण उन्हाने उलली. आवाज आला तो ढेकूळ फुटल्यासारखा, मोठा नव्हे. सुनेने भेगेत शेण-माती थापली. दुसऱ्या दिवशी ती थापी वाहून गेली आणि पांढरी गाय ओली जमीन चाटत उभी राहिली.

तात्या तेव्हा घरी नव्हते. मोतीबिंदू काढायला ते थोरल्या लेकीकडे गेले होते. तिथून तीन आठवडे हलायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. जाताना ते होडीभोवती एक फेरी मारून, ताडपत्रीवरची गाठ हाताने चाचपून गेले. डोळ्यांना दिसत नसल्यामुळे गेली चार-पाच वर्षे त्यांची तपासणी अशी हातानेच चाले.

सून दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दुपारी टँकर दारात उभा राहिला, पिंपे भरली, आणि चालकाने नळी गुंडाळायला घेतली.

"अजून तीन मिनिटं बाकी आहेत," ती म्हणाली.

"मिनिटं आहेत वहिनी, भांडं कुठंय? ओंजळीत देऊ का?"

"मागे चला."

ताडपत्री तिने स्वतः सोडली. चालकाने होडीत नळी टाकली. पाणी तळाला पडले, पसरले आणि त्याच वेगाने खालून बाहेर आले. एखाद्या ठिकाणाहून नव्हे. फळी आणि फळी जिथे भेटते अशा प्रत्येक रेषेतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पडद्यासारखे. फटींतला काथ्या केव्हाच सुकून गळला होता. वर दरवर्षी मारलेले डांबर तेवढे कातडीसारखे उरले होते, आणि तेही चिरत गेलेले.

चालक नळी हातात धरून हसायला लागला. "वहिनी, ही होडी आहे की चाळण? यात बसून तुम्ही गाव वाचवणार?"

कुंपणावरून पैलवानाची मान वर आली आणि लगेच खाली गेली. सुनेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. होडी तिची नव्हती, पण लाज तिच्या वाट्याला आली होती.

संध्याकाळी नवरा आरागिरणीतून आला. ही गिरणी नदीच्या वळणावर, सखल जागी होती. ओंडके पाण्यातून आणणे सोपे म्हणून तिथे बांधलेली. त्याच्या भुवयांवर भुसा असे, तो धुतला तरी पुरता जात नसे. तिने त्याला होडीखालची ओली जमीन दाखवली.

"तू होडीत पाणी ओतलंस?" तो म्हणाला. गळण्याबद्दल त्याने काहीच विचारले नाही.

"ओतलं. राहिलं नाही."

"बाबांना कळलं तर?"

"काय कळलं तर? ओतलं ते, की राहिलं नाही ते?"

त्याने भुवया चोळल्या. "मी काही पाहिलेलं नाही. मी गिरणीत होतो."

"लाकडात जन्म गेला तुमचा. वाळलेल्या लाकडाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगू?"

सांगण्याची गरज नव्हती. तिचा बाप सुतार होता. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की तो घाव घालत बसत नसे. कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवी. लाकूड पाणी पिते, फुगते, आणि जिथे जागा असेल तिथे दाबून बसते. यात श्रद्धेचा भाग नाही. होडी पाण्यात राहते म्हणून पाण्यात टिकते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या सकाळपासून तिने होडीच्या तळाशी जुनी गोणपाटे अंथरली. अंघोळीचे, भांडी विसळल्याचे, भाज्या धुतल्याचे सगळे पाणी त्यांच्यावर ओतायचे. बाहेरच्या अंगाला जिथे फट बोटभर होती तिथे तिने काथ्या ठोकून वर डांबर भरले. चौथ्या दिवशी पडद्याच्या धारा झाल्या. आठव्या दिवशी धारांचे थेंब झाले. तेराव्या दिवशी टँकरचे पाणी वीतभर भरले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत वीतभरच राहिले. तिने काडीने मोजले होते.

"बसली की चाळण!" टँकरचालक म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

गायी होडीत पाणी पिऊ लागल्या. पांढरी काठावर हनुवटी टेकून सावकाश पिई; गाभण गाय मान वाकडी करून. पिऊन झाले की दोघी नाकपुड्यांतून फुर्र करत आणि होडीच्या आतल्या अंगावर चाऱ्याचे तुकडे चिकटत. मागच्या भिंतीवर, तिच्याच अक्षरात, होडीत माणसाखेरीज काही चढणार नाही असे लिहिलेले होते. चढले काही नव्हते, असे ती स्वतःला समजावी. नुसत्या माना आत येत होत्या.

तात्या येण्याच्या आदल्या दिवशी तिने होडी उपसली, पुसली आणि ताडपत्री बांधली. तळाशी ओली गोणपाटे तशीच ठेवली. सुकू दिली असती तर तेरा दिवस पाण्यात गेले असते, किंवा उन्हात गेले असते म्हणा.

तात्या डोळ्यावर काळा चष्मा लावून आले आणि दाराशीच थांबले.

"दाराला हा रंग कधी दिला?"

"चार वर्षं झाली, मामंजी."

"हिरवा आहे?"

"हिरवाच."

"मला काळा वाटत होता," ते म्हणाले आणि आत न शिरता वळसा घालून थेट मागे गेले.

गाठ एका ओढीत सुटली. ताडपत्री मागे सरली. सून बाहेर गेली तेव्हा तात्या काठावर वाकून उभे होते आणि आतल्या फळीवर उमटलेली हिरवट रेषा, जिथवर पाणी राहिले होते ती, नखाने खरवडत होते. दुसऱ्या हातात गाईचा एक पांढरा केस होता. तो त्यांनी उजेडात धरला.

"हे कुणी केलं?"

"मी. डोण फुटली. गायींना पाजायला काही नव्हतं."

"भिंतीवर काय लिहिलंय?"

"मीच लिहिलंय, मामंजी."

"म्हणून विचारतो."

ती गप्प राहिली असती तर बरे झाले असते, असे तिला पुढचे कित्येक दिवस वाटत राहिले. पण तिने तोंड उघडले. "होडी गळत होती. चाळणीसारखी."

"बावीस वर्षं माझी होडी गळली नाही."

"बावीस वर्षं ती पाण्यात नव्हती."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग गोणपाटे एकेक करून बाहेर फेकली. कुंपणाशी पैलवान उभा होता, त्याच्याकडे न पाहता, पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "घरात माणूस नसलं की होडीचा हौद होतो."

"हवं तर नदीवर नेऊन बघा," ती हळू म्हणाली. "डोहात अजून पाणी आहे. एकदा टाकून बघा."

"तपासायला म्हणून ती पाण्यात जाणार नाही. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी कामालाच जाईल."

त्या संध्याकाळी त्यांनी आपली खाट छपराखाली, होडीशेजारी हलवली. तीन दिवस सुनेने वाढलेल्या ताटाला ते हात लावीनात; मुलाने तेच ताट उचलून छपराखाली नेले की मात्र जेवत. चौथ्या दिवशी मुलगा लवकर कामावर गेला आणि भूक नियमापेक्षा मोठी ठरली. बोलणे मात्र कामापुरतेच राहिले. पैलवानाच्या दुकानात पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येकाला हौदाची गोष्ट फुकट मिळत होती. सून रस्त्याने निघाली की कुणीतरी हटकून विचारी, "काय वहिनी, होडी किती लिटरची?"

होडीवर पुन्हा छपराच्या बाजूने तिरपे ऊन पडत होते. तात्यांनी ताडपत्री मुद्दाम काढून ठेवली होती, लागलेली ओल जाऊ दे म्हणून. ती दर दिवशी जाता-येता फटींकडे बघे. सहाव्या दिवशी तळाच्या दोन फळ्यांमधून तिला पलीकडची माती दिसली. तिने नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "तू सांगून झालं ना? मग आता गप्प बस." तो भित्रा नव्हता; बापाची आणि बायकोची, दोघांचीही बाजू घेणारी माणसे असतात ना, तसला होता, आणि अशांना जेवण नेहमी गारच मिळते.

मग काही बारीकसारीक गोष्टी घडल्या. तात्यांनी ताडपत्री परत बांधली. गुडघ्यांना गुंडाळायला म्हणून तिच्याकडून जुनी चादर मागून घेतली, दोन दिवसांनी आणखी एक. तोंड धुवायला ते बादलीभर पाणी नेऊ लागले. पूर्वी तांब्या पुरे. डोळ्याला स्वच्छता लागते, ते म्हणाले. तिने पाण्याचा हिशेब जुळेना म्हणून पिंपाची तोटी तपासली, नवऱ्यावर संशय घेतला, शेवटी पांढरीवर घेतला. एकदा होडीखालच्या धुळीत तिला बारीक खळग्यांच्या सरळ ओळी दिसल्या. मुंग्यांची वारुळे असतील, असे समजून तिने त्यांच्यावरून झाडू फिरवला.

पाऊस आला तो उशिरा, आणि आला तो इथे कमी, वरच्या डोंगरांत जास्त. सहा दिवस नदी रोज हातभर चढत होती. सातव्या दिवशी सकाळी ती थांबली. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि माणसे कामाला गेली. दुपारी बाराच्या सुमारास वरच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली. पाणी बातमीच्या मागोमागच आले. आवाज नव्हता. मागच्या शेताच्या बांधावरून ते सपाट, तपकिरी, चादर ओढल्यासारखे सरकत आले. पुलाचे दोन्ही उतार बुडाले आणि मधला पूल कोरडा, निरुपयोगी उभा राहिला.

"गिरणी," सून म्हणाली.

वळणावरच्या आरागिरणीचे पत्रे दिसत होते, भिंती दिसत नव्हत्या. पत्र्यांवर माणसे होती. मधे तीनशे हात पाणी.

ती गोठ्यात पळाली. गायींना टेकाडावर न्यायला पाव तास लागला असता. तिने विळ्याने दोघींची दावी कापली, गाभण गाईच्या पाठीवर एक थाप मारली आणि पाणी पाजायची बादली तेवढी उचलली.

तात्यांनी गाठ ओढली. ताडपत्री बाजूला गेली, आणि सून बादली धरून जागच्या जागी थांबली. होडीच्या तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिच्याच दोन जुन्या चादरी घडी घालून नीट अंथरलेल्या होत्या. चिंब भिजलेल्या. फटी कुठेच दिसत नव्हत्या.

तिने सासऱ्यांकडे पाहिले. सासरे वल्ही सोडवत होते.

"बघत काय राहिलीस? चादरी काढ. वजन होतंय."

होडी ढकलायला पैलवान आला, आणि ढकलता ढकलता आतही आला. "वल्ही माझ्याकडे द्या तात्या. तुमच्या डोळ्याचे टाके उसवतील."

"टाके नसतात आता."

"मग माझ्या पाठीचं उसनं फेडायला येतो म्हणा."

पैलवान वल्ह्यांवर, तात्या मागे लांब बांबू घेऊन, सून मधे बादली घेऊन बसली. होडी बांधावरून पाण्यात उतरली. तळाशी थोडे पाणी होते ते चादरींचे. तिने बोट लावून पाहिले, वाढत नव्हते. पैलवानानेही खाली वाकून पाहिले आणि वल्ही मारायला घेतली.

पत्र्यांवर दहा माणसे होती आणि कडेवरचे एक मूल. नवरा पाण्याकडच्या कडेला पालथा पडून दोन्ही हात खाली सोडून होता. माणसे उतरवायला त्याच्याइतके दणकट हात तिथे कुणाचे नव्हते. त्याच्या मागे गिरणीचे मालक छातीला हात लावून उभे.

"तात्या, मला आधी घ्या. दमा आहे मला."

"घर कुठं तुमचं?"

"आता हे विचारायचं का? तुमच्याच मागच्या गल्लीत!"

"मग थांबा. दूरगावचे कोण आहेत?"

लाकूडतोडीला आलेल्या दोन बायका, मूल आणि त्यांची दोन माणसे आधी उतरली. दर माणूस होडीत पडला की काठ दोन बोटे खाली जाई. त्या सगळ्यांना पलीकडे टेकाडाशी सोडून होडी परत आली. दुसऱ्या खेपेला वाहून आलेले ओंडके पत्र्यांना धडका देऊ लागले होते. आणखी चौघे उतरले. वर दोघे उरले: मालक आणि तिचा नवरा.

पत्र्याचा एक कोपरा करकरला आणि खाली झुकला.

"मामंजी," ती म्हणाली, "दोघंच राहिलेत. घेऊन टाकू."

त्यांनी बांबू काठाशी उभा धरला. तिने पाहिले. पाणी काठाच्या चार बोटे खाली होते. दोन माणसांची चार बोटे. हा हिशेब करायला भिंतीवरची ओळ लागत नव्हती. मालकांनी उडी घ्यायला पाय पुढे टाकला. तिच्या नवऱ्याने त्यांची कॉलर मागून पकडली.

"मालक, आपण शेवटी. आपण गावचे ना?"

मग त्याने तिच्याकडे पाहिले. "जा," तो म्हणाला. "लवकर या, एवढंच."

तिने पत्र्याची कड धरली होती. ती बोटे तिने स्वतःच सोडली. सोडवायला कुणी सांगितले नव्हते, हे तिला नंतर पुष्कळदा आठवले.

तिसऱ्या खेपेला पैलवानाच्या तळहातांची सालटी निघाली होती आणि वल्ह्यांचे दांडे लाल झाले होते. तो प्रत्येक ओढीला तोंडाने आकडा मोजत होता. अर्ध्या वाटेवर त्यांना दिसले की निम्मे पत्रे गेले होते. उरलेल्या तुळईला मालक मिठी मारून होते, आणि तिच्या नवऱ्याने एका हाताने तुळई आणि दुसऱ्याने मालक धरले होते. एक ओंडका होडीच्या कुशीला लागला. फळी उलली नाही, पण सांध्यातला काथ्या बाहेर आला आणि तिथून करंगळीएवढी धार सुरू झाली. ती बादलीने उपसू लागली. आधी मालक उतरले, किंवा पडले. मग तो.

तो तिच्या पायांशी पाण्यात बसला. बादलीकडे पाहून म्हणाला, "गायींची बादली आणलीस होय."

"हातात तीच आली," ती उपसत राहिली. "सरका. तुमच्याखाली पाणी साचतंय."

गाभण गाय तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली. पांढरी आली नाही. सुनेने दोनदा काठाकाठाने जाऊन शोधले, मग कापलेले दावे गुंडाळून खुंटीला अडकवले.

पाणी उतरल्यावर गाव होडी पाहायला आले. जे हसत होते तेच आता फळ्यांवर थापा मारून बघत होते. मालकांनी दम लागत असतानाही सर्वांना सांगितले की आत टिपूस आला नाही. "बावीस वर्षं कोरडी ठेवली! याला म्हणतात नियम. याला म्हणतात निष्ठा." पैलवानाने हातांना पट्ट्या बांधल्या होत्या, तो नुसता मान डोलवत होता. सून चहाच्या कपबश्या फिरवत होती. सासऱ्यांच्या तोंडाकडे बघायचे नाही असे तिने ठरवले होते.

पंधरा दिवसांनी कचेरीतून एक कारकून आला. नदीकाठच्या सात गावांना एकेक होडी द्यायचे ठरले होते, आणि तात्यांचे नियम प्रत्येक होडीच्या छपराखाली रंगवायचे होते. तो वही घेऊन भिंतीसमोर उभा राहिला.

"अक्षर छान आहे हो. पहिला नियम. होडी कोरडी..."

"तो लिहू नका," तात्या खाटेवरून म्हणाले.

"का? अक्षर लागतंय की मला."

"लागत असेल. चूक आहे तो."

छपराखाली आठ-दहा माणसे होती. पैलवान हातातले चाक फिरवत होता, ते थांबले. तात्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"उन्हाळ्यात होडी चाळणीसारखी गळत होती. हिने मला सांगितलं. मी हिला चारचौघांत बोललो. मग एका दुपारी, कुणी नाही असं बघून, तांब्याभर पाणी ओतलं. खाली वाकून पाहिलं. नवा डोळा होता, दिसलं. त्यानंतर रोज ओतत होतो. चोरून. कोरडी ठेवली असती तर हा मुलगा आज नसता. आणि ती दहा माणसंही."

कुणी खोकले. कारकून पेन्सिल वर धरून उभा होता. सुनेने हातातल्या बश्या खाली ठेवल्या.

"मग त्या जागी काय लिहू?" कारकुनाने विचारले.

"तिला विचारा."

कारकून तिच्याकडे वळला. तिने पदराला हात पुसले. "लिहा, होडीत रोज गायींना पाणी पाजावं."

"वहिनी, हे सरकारी कागदावर कसं लिहायचं?"

"मग सरकारी होडीचं जे व्हायचं ते होईल," पैलवान म्हणाला, आणि पहिल्यांदा तात्या हसले.

कारकून गेल्यावर ते तिला म्हणाले, "सूनबाई, ती ओळ पुसून टाक."

तिने चिंधी घेतली, मग वाळू, मग रॉकेल. पण ते डांबर होते, आणि अक्षर दाबून लिहिलेले. भिंतीचा चुना निघाला, ओळ तशीच राहिली. उलट भोवतालची भिंत घासून उजळल्यामुळे जास्तच ठळक दिसू लागली.

"राहू दे," तात्या म्हणाले.

दुसऱ्या सकाळी ती गोठ्यात गेली तेव्हा ते बादली घेऊन छपराखाली उभे होते, आता उघडपणे. होडी कोरडी राहील, या अक्षरांखाली त्यांनी दोन बादल्या होडीत ओतल्या, वाकून खालची जमीन पाहिली, आणि मग उरलेल्या गाईचे दावे सोडून तिला सावकाश काठाशी आणले.